कळ कोणी काढली? कलह आरंभणाऱ्यांसाठीचे शब्द आणि त्यांचा वापर

वसतिगृहातील मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाला एक वाक्य जन्मभर ऐकावे लागते. रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला दोघांची जुंपते, पुस्तके फेकली जातात, एखाद्याच्या शर्टाची बटणे तुटतात आणि आपण मध्ये पडताच दोघेही एकाच सुरात सांगतात, "सर, पयल्यांदा तेणा मारल्यान!" प्रत्येकाला खात्री असते की आरंभ दुसऱ्याने केला. शिक्षकाला घाई असते. दिवे मालवायची वेळ झालेली असते. तो एकाकडे बोट दाखवतो, त्याला एक विशेषण चिकटवतो आणि प्रकरण मिटवतो.

मीही तेच केले होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका गावच्या शाळेत असताना, आठवीतल्या एका मुलाने वर्गमित्राला कंपासपेटी फेकून मारली. भुवईवर जखम झाली, रक्त आले. मी त्या मुलाच्या नोंदवहीत शेरा लिहिला : 'चिथावणीखोर वृत्ती. इतरांस भांडणास प्रवृत्त करतो.' त्या वर्षाअखेरीस मुलाने शाळा सोडली. पुढे कित्येक वर्षांनी एसटी स्थानकावर तो मला भेटला. नमस्कार केला, घरची खुशाली सांगितली. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला. जातीवरून पडलेले एक टोपणनाव त्याला सहा महिने रोज ऐकवले जात होते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "सर, तुमी माका इचारल्यात खंय?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. साधने तपासावीत, दोन्ही बाजूंचे कागद वाचावेत, निष्कर्षाची घाई करू नये, हे मी विद्यापीठात शिकलो होतो. मात्र एका शब्दाने एका मुलाचा निकाल लावताना यातले काहीही मी पाळले नव्हते. त्या प्रश्नानंतर कलह आरंभणाऱ्यांसाठी आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत, ते कोण कोणाला लावतो आणि त्यांतून काय लपते, याचा विचार करण्याची मला सवय लागली. स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार येथे मांडत आहे.

१. घरातले शब्द, कचेरीतले शब्द

मराठीत या अर्थाच्या शब्दांची वाण नाही. घरात आणि अंगणात आपण कळलाव्या, आगलाव्या, चुगलखोर, भांडखोर, भांडकुदळ, कळीचा नारद असे शब्द वापरतो. 'कळ काढणे', 'खोडी काढणे', 'काडी टाकणे', 'लावालावी करणे' हे वाक्प्रचार लहान मुलांनाही ठाऊक असतात. जमिनीच्या एका एका गुंठ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्या कोकणात 'कज्जेदलाल' हा शब्दही सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेरी आणि वर्तमानपत्रे यांचे शब्द वेगळे असतात : दंगेखोर, चिथावणीखोर, समाजकंटक, उपद्रवी, प्रक्षोभक भाषण करणारा. राजसत्तेचे शब्द त्याहून वजनदार असतात : बंडखोर, फितूर, राजद्रोही, चाचा.

या शब्दांकडे नीट पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की त्यांतील बरेचसे अग्नीच्या प्रतिमेवर उभे आहेत. आग लावणे, काडी टाकणे, ठिणगी पडणे, भडकवणे, पेटवणे, तेल ओतणे. या प्रतिमेत एक गृहीतक दडलेले आहे. काडी पडण्यापूर्वी सर्व काही शांत होते, असे ती आपल्याला न सांगताच सांगते. गवताची गंजी कोणी रचली, ती इतकी वाळेपर्यंत तिच्याकडे कोणी का पाहिले नाही, हे प्रश्न मग उरतच नाहीत. सारी नजर काडीवर खिळते.

दुसरी गोष्ट अशी की हे शब्द सर्वांना सारख्या मापाने लावले जात नाहीत. घरातील स्त्रीने अन्यायाविरुद्ध आवाज चढवला तर ती 'कजाग' ठरते; तोच आवाज पुरुषाने चढवला तर तो 'करारी' किंवा 'सडेतोड' ठरतो. गावच्या बैठकीत वरच्या आळीतील माणूस हिशेब मागतो तेव्हा तो 'जागरूक' असतो आणि खालच्या वस्तीतील माणूस तोच हिशेब मागतो तेव्हा 'याला कोणीतरी फूस लावली आहे' असे म्हटले जाते. या दुसऱ्या वाक्यातला अपमान दुहेरी आहे. माणूस भांडखोर ठरतोच. शिवाय स्वतःच्या बुद्धीने त्याला अन्याय कळला असेल, हेही नाकारले जाते.

२. समुद्रावरील एक धडा

आपली मुले ज्या किनाऱ्यावर वाढतात, त्या किनाऱ्याच्या इतिहासातच या विषयाचा एक उत्तम धडा आहे. देवबागच्या एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. उत्तरेला मालवणच्या बंदरासमोर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग उभा आहे. या पाण्यावर कोणाची सत्ता, हा प्रश्न दोनअडीच शतके धुमसत होता.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांनी समुद्रावर परवाना सक्तीचा केला. 'कार्ताझ' नावाचा तो कागद जवळ नसलेले जहाज ते पकडत आणि माल जप्त करीत. त्याला ते कायदा म्हणत. पुढे कान्होजी आंग्रे यांनी मराठ्यांचे सरखेल या अधिकाराने स्वतःची दस्तके देण्यास आरंभ केला आणि दस्तक नसलेली जहाजे पकडली. कृती तीच होती. मात्र इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी 'चाचे' ठरले. कोल्हापूरकरांच्या ताब्यातील मालवणची नौकाही त्याच शब्दाची धनी झाली. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला तेव्हा त्याचे नाव बदलून 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. काही काळाने किल्ला कोल्हापूरकरांना परत मिळाला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कारण दिले गेले ते चाचेगिरीच्या बंदोबस्ताचे.

मराठी नौकांनी कधीच लूट केली नाही, असा दावा मी करणार नाही. इतिहासात असे दावे टिकत नाहीत. माझे म्हणणे इतकेच आहे की, एकाच कृत्याला ज्याच्या हाती दप्तर होते त्याने स्वतःसाठी 'कायदा' आणि दुसऱ्यासाठी 'चाचेगिरी' असे दोन शब्द वापरले आणि ते शब्दच पुढे पुरावा बनले. नववीच्या वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना विचारतो, "हा शब्द कोणी लिहिला? त्याचे जहाज कोणते होते?" एवढ्या एका प्रश्नाने त्यांचे अर्धे पाठ्यपुस्तक जिवंत होते.

असे शब्द कधीकधी उलटतातही. १८५७ च्या लढ्याला ज्यांनी 'शिपायांचे बंड' म्हटले, त्यांच्या उत्तरादाखल 'स्वातंत्र्यसमर' हा शब्द पुढे आला. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात लोकमान्य टिळकांना 'असंतोषाचे जनक' ठरवले. तो आरोप होता. टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या न्यायालयात बदनामीचा दावाही लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. महाराष्ट्राने मात्र तोच आरोप पदवी म्हणून मस्तकी धारण केला. परक्या सत्तेने 'चिथावणीखोर' म्हटले की तो मान ठरतो, हे या समाजाला तेव्हा पुरते समजले होते. पुढच्या दशकात, आपल्याच देशबांधवांनी पाण्यासाठी पाऊल उचलले तेव्हा हे शहाणपण कुठे गेले, हा प्रश्न आपल्याला महाडकडे नेतो.

३. महाड : दंगल की धर्मसंगर?

महाडची हकीकत आपल्या घराघरात सांगितली जाते. येथे ती शब्दांच्या अंगाने पाहू.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याची छाती दहशतीमुळे कोणालाही झाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी शांतपणे तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि शांतपणे परतले.

त्यानंतर दोनेक तासांनी गावात अफवा उठवण्यात आली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. कोणी जेवत होते, कोणी गावी परतण्यासाठी गाठोडी बांधत होते. अन्न मातीत मिसळले गेले, माणसे झोडपली गेली. काहींनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. प्रत्युत्तर देण्यास समर्थ असे शेकडो तरुण बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी संयमाचा शब्द दिला. हाणामारीच्या खटल्यात जून १९२७ मध्ये पाच सवर्ण आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या घटनेला पुष्कळ ठिकाणी आजही 'महाडची दंगल' म्हटले जाते. मराठीत 'दंगल' हा शब्द कुस्तीच्या फडालाही लावतात. फडात दोन मल्ल उतरतात, दोघांची संमती असते, दोघेही जोर लावतात. पंक्तीला बसलेल्या निःशस्त्र माणसांवर जमाव तुटून पडतो तेव्हा 'दंगल' म्हणणे म्हणजे मार खाणाऱ्यालाही फडात उतरलेला मल्ल ठरवणे होय. दोन बाजू असल्याचा भास झाला की 'टाळी एका हाताने वाजत नाही' ही म्हण हजर होते आणि 'आधी तळ्यावर जायलाच नको होते' असा निवाडा दिला जातो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केल्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांनाही हाच सोयीचा शब्द लावला गेला.

बाबासाहेबांनी या शब्दाला काय उत्तर दिले, हे आपल्या अभ्यासाचे मर्मस्थान आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत' पाक्षिकातून त्यांनी महाडवर अग्रलेख लिहिले. त्यांत त्यांनी या घटनेला 'महाड येथील धर्मसंगर' असे नाव दिले. संगर म्हणजे युद्ध. दुसऱ्याने दिलेले नाव त्यांनी स्वीकारले नाही, हा त्यातला पहिला भाग. दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. त्या लेखांत त्यांनी वरिष्ठ हिंदू, इंग्रज सरकार आणि स्वतः अस्पृश्य वर्ग या तिघांच्याही 'जबाबदारी'ची चर्चा केली. 'चिथावणी कोणाची?' या प्रश्नाच्या जागी त्यांनी 'जबाबदारी कोणाची आणि किती?' हा प्रश्न ठेवला, आणि त्यातून आपल्या लोकांनाही वगळले नाही.

४. कायदा काय म्हणतो?

१८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १५३ दंगा घडावा म्हणून चिथावणी देणाऱ्यास शिक्षा सांगत होते. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १९२ मध्ये आली आहे. या कलमात एक अट आहे, ती सर्वसामान्य चर्चेत हरवते. ज्या कृतीने चिथावणी दिली ती कृती स्वतः बेकायदेशीर असली पाहिजे, तसेच तिच्यामागे दुष्ट हेतू वा बेगुमान वृत्ती असली पाहिजे. कायदेशीर कृती पाहून कोणाचे माथे भडकले तर त्या कृतीला या कलमाखाली चिथावणी म्हणता येत नाही.

आता ही फूटपट्टी महाडला लावून पाहा. विधिमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता, तळे सार्वजनिक होते. पाणी पिणे ही कायदेशीर कृती होती. खोटी अफवा उठवून लाठीधारी जमाव जमवणे ही मात्र नव्हती. तरीही दडपण इतके होते की महाड नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि न्यायालयाच्या दप्तरात 'प्रतिवादी' म्हणून नाव लागले ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे. दहा वर्षे हे प्रकरण चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. ज्याला गावाने कळ काढणारा म्हटले त्याचाच पक्ष कायद्याने ग्राह्य धरला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली, हेही आपण मुलांना सांगायला हवे.

५. विनयपिटकातील 'कलहकारक'

येथवरच्या विवेचनातून कोणाला वाटेल की हे शब्द नेहमी बलवानांचेच हत्यार असतात आणि खरा चिथावणीखोर असा कोणी नसतोच. तसे नाही. कलह लावणारी माणसे जगात असतात, आणि तथागतांच्या भिक्खुसंघातही ती होती. विनयपिटकात त्यांच्यासाठी भंडनकारक, कलहकारक, विवादकारक असे नेमके शब्द आहेत. म्हणून संघाने हे शब्द कसे वापरले, ते पाहणे अगत्याचे आहे.

चुल्लवग्गाच्या आरंभी पण्डुक आणि लोहितक यांच्या गटातील भिक्खूंची कथा आहे. हे स्वतः भांडखोर होतेच. शिवाय दुसरे भिक्खू भांडू लागले की त्यांच्याजवळ जाऊन ते सांगत, माघार घेऊ नकोस, तू त्याच्याहून शहाणा आहेस, जोराने बोल, आम्ही तुझ्या बाजूचे आहोत. नवी भांडणे त्यामुळे उत्पन्न होत आणि जुनी वाढत. चिथावणीची याहून नेमकी व्याख्या मला आढळलेली नाही. चिथावणीखोर तो, जो दुसऱ्याच्या भांडणात तेल ओततो आणि झळ मात्र स्वतःला लागू देत नाही. अन्यायाविरुद्ध स्वतः पुढे होऊन पहिला वार झेलणारा माणूस या व्याख्येत बसत नाही.

संघाने या भिक्खूंवर तज्जनीय कर्म, म्हणजे जाहीर ताकिदीची कारवाई करावी, असे तथागतांनी सांगितले. मात्र त्याबरोबर ही कारवाई केव्हा अधर्म ठरते, याची यादीही दिली. ती त्या माणसाच्या गैरहजेरीत केली तर अधर्म. त्याला न विचारता केली तर अधर्म. त्याने दोष कबूल केलेला नसताना केली तरीही अधर्म. आणि दंडित भिक्खू योग्य वर्तन करू लागला की कारवाई मागे घ्यावी, अशीही तरतूद आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेत 'कलहकारक' हा शब्द सुनावणीनंतर लागतो, त्या माणसासमोर लागतो आणि तो कायमचा नसतो.

हे वाचताना एसटी स्थानकावरचा तो प्रश्न पुन्हा माझ्या कानी आला. माझा शेरा न विचारता लिहिलेला होता. विनयाच्या भाषेत ते अधर्म कर्म होते.

महावग्गातील कोसंबीची कथाही येथे आठवावी. तेथील भिक्खूंचा वाद एका क्षुल्लक कारणावरून पेटला. अट्ठकथेप्रमाणे निमित्त होते भांड्यात उरलेल्या पाण्याचे. तथागतांनी समजावूनही ते ऐकेनात तेव्हा तथागत तेथून निघून गेले आणि उपासकांनी त्या भिक्खूंना भिक्षा देणे थांबवले. मग ते नमले व श्रावस्तीला निघाले. 'हे कलहकारक भिक्खू येत आहेत, आम्ही त्यांच्याशी कसे वागावे?' असे अनाथपिंडिकाने विचारले. उत्तर असे मिळाले की दोन्ही पक्षांना दान द्यावे, दोन्ही पक्षांचे धम्मवचन ऐकावे, आणि ऐकल्यानंतर जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत मान्य करावे. दान थांबवू नये, ऐकणे थांबवू नये आणि ऐकल्यावर निर्णयही टाळू नये. 'दोघेही सारखेच' असे म्हणून हात झटकण्याची मुभा येथे दिलेली नाही.

६. आपल्या अंगणातही पाहू

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण मांडले, ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याचे आहे. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची पहिली मागणी चौकशीची होती : आक्रमण कोणी केले ते आधी नीट पाहू, आपल्या लोकांनीही आगळीक केल्याचे कानावर आहे, ते खरे असेल तर आपणही निर्दोष नाही. दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असा उपाय त्याने सुचवला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि त्याची किंमत त्याने परिव्रज्येच्या रूपाने मोजली.

'आपल्या लोकांनीही' हे शब्द उच्चारणे सर्वांत अवघड असते. आपल्या चळवळीचा इतिहास मी अभिमानाने शिकवतो; म्हणूनच हेही सांगतो की इतरांनी आपल्याला लावलेल्या शब्दांनी आपण घायाळ झालो, पण तसेच शब्द आपण एकमेकांना मुक्तहस्ताने लावले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष पुढे गटागटांत विभागला गेला आणि प्रत्येक गटाने दुसऱ्याला 'फुटीर', 'दलाल', 'गद्दार' म्हटले. गावोगावच्या विहारांच्या समित्यांतही प्रश्न विचारणारा तरुण 'फूट पाडणारा' ठरतो. हिशेब मागणारी भगिनी 'भांडखोर' ठरते. ज्या शब्दाने आपल्या आजोबांना तळ्यावरून हुसकावले, तोच आपण आपल्या मुलीला सभेतून उठवण्यासाठी वापरतो, तेव्हा महाड आपल्याला समजलेले नसते.

७. तीन प्रश्न

मग हे शब्द वापरूच नयेत काय? वापरावेत, पण तपासून. मी वर्गात मुलांना तीन प्रश्न शिकवतो, ते पालकांसमोर आणि माजी विद्यार्थ्यांसमोरही ठेवतो.

पहिला प्रश्न : हा शब्द कोण लावतो आहे आणि त्याचे त्यात काय गुंतले आहे? समुद्रावरील परवान्यांचा धडा येथे उपयोगी पडतो.

दुसरा : भांडण मोजायला आपण कोठून सुरुवात केली? कंपासपेटी फेकली त्या क्षणापासून मोजले तर एक जण दोषी ठरतो. सहा महिन्यांपूर्वीच्या पहिल्या टोमण्यापासून मोजले तर दुसरा. २० मार्च १९२७ च्या दुपारपासून मोजले तर तळ्यावर गेलेले लोक आरंभकर्ते दिसतात. पाण्यावर पहारा बसला त्या दिवसापासून मोजले तर चित्र पालटते.

तिसरा : ज्याला आपण हे नाव देतो आहोत, त्याला आपण विचारले काय?

या प्रश्नांनी दरवेळी दुर्बळच निर्दोष ठरेल असे नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने कंपासपेटी फेकली होती, दुसऱ्याच्या भुवईवर टाके पडले होते आणि ते चूकच होते. पण 'याने कंपासपेटी फेकली' हे वाक्य खरे आहे, आणि 'हा चिथावणीखोर आहे' हे वाक्य खोटे होते. पहिल्यात कृती आहे. ती सुधारता येते. दुसऱ्याने अख्खा मुलगाच निकालात काढला होता. म्हणून गेली कित्येक वर्षे मी नोंदवहीत मुलाला विशेषण लावत नाही. काय घडले, त्याआधी काय घडले होते आणि दोघांनी काय सांगितले, एवढेच लिहितो. यात वेळ जातो, कधी दिवे मालवायला उशीर होतो. पण दुसऱ्या दिवशी दोघेही एकाच पंगतीत जेवायला बसलेले दिसतात. भ्रमणध्वनीवर क्षणात पसरणाऱ्या मजकुरात 'दंगेखोर', 'समाजकंटक' असे शब्द दिसले की पुढे धाडण्यापूर्वी हीच तीन वाक्ये आठवावीत, अशी माझी मोठ्यांनाही विनंती आहे.

त्या दिवशी एसटी स्थानकावर मी त्याला म्हणालो, "माझे चुकले. मी विचारायला हवे होते." तो हसला. "ऱ्हवांदे सर, खूप वर्सा झाली," म्हणाला आणि माझी पिशवी उचलून गाडीत ठेवून दिली. तो शेरा आजही कुठल्यातरी कपाटात असेल. तो खोडण्याची सोय आता नाही. मात्र आपल्या या वसतिगृहात आज रात्रीही कोणीतरी म्हणेल, "सर, पयल्यांदा तेणा मारल्यान!" तेव्हा दोघांनाही समोर बसवून, दोघांनाही विचारून मगच काय ते लिहावे, एवढे माझ्या आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांच्या हाती आहे.

संस्थेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!